कोल्ड ब्रू घरी करायची तर आधी दळणाचं बघा

आमच्या अमरावतीत एप्रिल लागला की दुपारचा चहा आपोआप मागे पडतो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, आत कूलरची घरघर, आणि अशात वाफाळता कप हातात धरायचा म्हणजे शिक्षाच. पण चार वाजता डोळे उघडे ठेवणारं काहीतरी लागतंच. त्या गरजेपोटी चार उन्हाळ्यांपूर्वी मी पहिल्यांदा कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात मुरवायची कॉफी, केली. ती अशी झाली की घरात तिला 'तुझा तो काढा' हे नाव पडलं, ते आजही तसंच आहे.

झालं होतं एवढंच, की फडताळात फिल्टर कॉफीची पूड होती ती मी पाण्यात भिजत घातली आणि बरणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी गाळायला घेतली तर गाळणीतून थेंब उतरेना. जे उतरलं ते गढूळ, चिकट आणि करपलेल्या गुळासारखं कडू. मग पाकीट नीट वाचलं. त्यात ४० टक्के चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती मुळांची पूड, होती आणि पूड होती मैद्याच्या जवळ जाणारी. काढा नाही होणार तर काय होणार?

त्यानंतर बऱ्याच बरण्या लावल्या. त्यातून माझं मत असं झालं आहे की या कॉफीत करणाऱ्याचा हात दोनच ठिकाणी दिसतो, दळताना आणि गाळताना. मधले अठरा तास पाणी आपलं काम करत असतं, तिथे आपण लुडबूड न करणंच बरं.

कोल्ड ब्रू कशाला म्हणायचं

पुण्यात कोथरूडच्या दुर्गा कॅफेपुढे ज्या गोड, फेसाळ ग्लासासाठी पोरं गर्दी करतात, ती कोल्ड कॉफी. त्यात दूध, साखर, कॉफी आणि बर्फ एकत्र घुसळलेलं असतं. गरम कॉफी काढून ती बर्फावर ओतली की आइस्ड कॉफी. कोल्ड ब्रूमध्ये गरम पाणी कुठेच येत नाही. भरड दळलेली कॉफी गार पाण्यात अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त मुरवायची आणि गाळून घ्यायची. झालं.

गरम पाणी तीन-चार मिनिटांत कॉफीतून जे जमेल ते ओरबाडून घेतं, त्यात आम्लं आली, तेलं आली, कडवटपणाही आला. गार पाणी संथ. ते कॅफीन काढतं, रंग काढतं, गोडसर चॉकलेटी चव काढतं, पण कडवटपणा बराचसा चोथ्यातच राहू देतं. तसाच सुवासही थोडा मागेच राहतो. ज्यांना कॉफीत फुलाफळांचा गंध शोधायला आवडतो त्यांना कोल्ड ब्रू जरा मुकी वाटते, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

'कोल्ड ब्रूने पित्त होत नाही' हे वाक्य मात्र जपून घ्या. निनी राव आणि मेगन फुलर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात गरम आणि गार कॉफीची तुलना छापली. दोन्हींचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जवळपास सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान. एकूण आम्लांचं प्रमाण मात्र गरम कॉफीत जास्त होतं. म्हणजे जिभेला ती मऊ लागते हे खरं, पण ज्याला कॉफीने जळजळते त्याने ही औषध म्हणून पिऊ नये.

कॉफी कोणती

पाकिटावर चिकोरीचा आकडा शोधा. आपल्याकडे चिकोरी मिसळलेल्या कॉफीत किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ८०:२०, ६०:४०, अगदी ५३:४७ सुद्धा सर्रास मिळते. चिकोरी म्हणजे एका झाडाची भाजलेली मुळं. पाण्यात विरघळणारा भाग तिच्यात कॉफीपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून फिल्टर कॉफीला ती दाटपणा देते. अठरा तास भिजल्यावर तोच दाटपणा अंगावर येतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला चिकोरी घातलेली गार कॉफी भरपूर दुधासोबत आवडीने पितात, तेव्हा ती वर्ज्य आहे असं नाही. पण पहिली बरणी शुद्ध कॉफीचीच लावा. चव कळू द्या, मग वाटलं तर दहा टक्के चिकोरी घालून बघा.

इन्स्टंट कॉफी यासाठी उपयोगाची नाही. ती कारखान्यात आधीच काढून वाळवलेली कॉफी असते. तिला भिजवून नवं काही सुटत नाही.

बिया अरेबिका जातीच्या घ्या. चिकमगळूर, कोडगू, अराकू, यांतलं काहीही चालेल. दुकानात 'प्लँटेशन ए' किंवा 'प्लँटेशन एए' असं लिहिलेलं दिसतं. ती धुऊन प्रक्रिया केलेल्या अरेबिकाची प्रत असते, ए आणि एए ही बीच्या आकाराची खूण. सुरुवातीला प्लँटेशन ए पुरे. दुधातून पिणार असाल तर पाचातला एक भाग रोबस्टा, ही कॉफीची दुसरी जात, मिसळा, अंग येतं. फक्त लक्षात ठेवा की रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. मान्सून्ड मलबार नावाचा एक प्रकार मिळतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यात बिया फुगू देतात, त्याने त्यांचं आम्ल उतरतं आणि चव मातकट, जड होते. दुधाच्या कोल्ड ब्रूला तो मला फार आवडतो. आमच्या घरात तो कुणालाच आवडत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते हे विदर्भाबाहेर अनेकांना माहीत नसतं. सातपुड्याच्या या भागात सुमारे ११०० मीटर उंचीवर झाडांच्या सावलीत ती थोडीफार लावलेली आहे. फिरायला जाणारे हौसेने पाकीट आणतात. आणा जरूर, फक्त पूड घेण्याऐवजी बिया मिळाल्या तर बिया घ्या आणि कधी भाजल्या ते विचारा.

भाजणीबद्दल दोन शब्द. आपल्या जात्यावरच्या भाजणीबद्दल नाही, कॉफीच्या. हलकी भाजलेली कॉफी गार पाण्यात नीट उतरत नाही, चव पातळ आणि आंबटसर येते. फार काळी भाजलेली धुरकट लागते. मध्यम किंवा मध्यमहून थोडी गडद घ्या. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तर त्यापासून साधारण दोन आठवडे ते दीड महिना हा काळ कोल्ड ब्रूला चांगला. गरम कॉफीइतका ताजेपणाचा हट्ट इथे लागत नाही.

दळण

इथेच बरणी सुधारते किंवा बिघडते, म्हणून जरा थांबून सांगते.

भरड हवी. किती भरड? लापशीचा रवा डोळ्यांसमोर आणा. उपम्याचा रवा म्हणजे बारीकच झाला. बारीक दळणाचा त्रास दुहेरी असतो. एक, गाळताना ते फडक्याची छिद्रं बुजवतं. दोन, ते पाण्याला सगळं देऊन टाकतं, कडूसकट. भरड कणातून पाणी आत शिरून चव बाहेर आणायला वेळ घेतं, आणि आपल्याला नेमका तोच वेळ हवा आहे.

कॉफीवाल्याकडून दळून घेणार असाल तर 'फ्रेंच प्रेससाठी दळा' (दांडा दाबून कॉफी गाळायचं ते भांडं) किंवा सरळ 'कोल्ड ब्रूसाठी' म्हणा, त्यांना कळतं. घरी हाताने फिरवायचा ग्राइंडर असेल तर उत्तमच. त्याच्या आत दोन दातेरी भाग असतात आणि त्यांच्यातली फट ठरलेली असते. दाणा त्या फटीएवढा झाला की खाली पडतो, पुन्हा दळला जात नाही. थोडक्यात ते जातंच आहे. मिक्सरचं पातं मात्र दाणा कापत राहतं, तळाशी पीठ होतं आणि वर अख्खे तुकडे नाचत राहतात.

तरी बहुतेक घरांत मिक्सरच असतो आणि त्यावर भागतं. चटणीचं छोटं भांडं घ्या. आधी त्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाका, लसणाचा वास जातो. मग एका वेळी ४०-५० ग्रॅम बिया घाला. बटण उलट्या बाजूला एक सेकंद दाबून सोडा, भांडं हलवा, पुन्हा दाबा. असं आठ-दहा वेळा करा. सलग फिरवू नका, भांडं तापलं की कॉफीही तापते. शेवटी पिठाच्या चाळणीतून चाळून घ्या. खाली पडेल ती बारीक पूड डब्यात भरून गरम कॉफीला वापरा, वर राहील ती आपली भरड. शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम पूड खाली पडली तर दचकू नका, माझ्याकडेही तेवढी पडते. म्हणून शंभर ग्रॅम भरड हवी असेल तर सव्वाशे ग्रॅम बिया काढते.

एकदा मी हौसेने आजेसासूबाईंच्या दगडी जात्यावर कॉफी भरडली. भरड अशी सुरेख आली की विचारू नका. पण पुढचा महिनाभर त्या जात्यावर दळलेल्या थालीपिठाच्या भाजणीला कॉफीचा वास येत होता. सासूबाई अजून विषय काढतात.

माप आणि पाणी

माझं ठरलेलं माप १०० ग्रॅम भरडीला ७०० मिलिलिटर पाणी. यातून घट्ट अर्क निघतो, तो पिताना पातळ करायचा. कॉफी स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे हाती येतो सुमारे अर्धा लिटर. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं पाणी गेलं कुठे; ते चोथ्यात आहे, त्याच्या मागे लागू नका.

पातळ न करता थेट ग्लासात ओतायची कॉफी हवी असेल तर शंभर ग्रॅमला दीड लिटर पाणी घ्या. मी अर्क करते, कारण आमच्या फ्रिजमध्ये उन्हाळ्यात आंब्याच्या रसानंतर बरणीला एवढीशीच जागा उरते.

वजनकाटा असेल तर वापरा. नसेल तर २४० मिलिलिटरच्या कपात भरड कॉफी साधारण ८०-८५ ग्रॅम बसते, म्हणजे सव्वा कप हलक्या हाताने भरला की झालं. हे माप दळणाप्रमाणे आणि भाजणीप्रमाणे थोडं हलतं. दुसऱ्या बरणीला हलकं-जड करून घ्या.

पाण्याचा विचार कुणी करत नाही, आणि ग्लासात बाकी असतंच काय? बोअरचं जड पाणी कॉफीला खडूसारखी चव देतं. उलट आरओचं पाणी कधी इतकं साफ असतं की चव धरतच नाही. कॉफीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, स्पेशल्टी कॉफी असोसिएशनने, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावं आणि ७५ ते २५० पर्यंत चालावं असं मानलं आहे. आरओ बसवणाऱ्याकडे टीडीएस, म्हणजे हेच क्षार, मोजायचा पेनासारखा मीटर असतो, पुढच्या वेळी आला की विचारून ठेवा. आकडा तीस-चाळीस असेल तर थोडं उकळून गार केलेलं नळाचं पाणी मिसळा. नगरपालिकेचं पाणी गोड असेल तर फक्त उकळून, गार करून वापरा.

बरणी लावणं

मी शनिवारी संध्याकाळी सातला बरणी लावते आणि रविवारी दुपारी एकला, जेवणं झाली की गाळते. अठरा तास होतात, आणि गाळायला निवांतपणाही मिळतो.

लिटरभराहून थोडी मोठी, रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. गरम पाण्याने धुवा, कोरडी करा आणि झाकणाचा वास घ्या. काचेला वास राहत नाही, पण झाकणाच्या रबराला लोणच्याचा वास वर्षानुवर्षं राहतो. मोहरीची कॉफी मी पिऊन पाहिली आहे, तुम्ही नका पिऊ.

आधी भरड घाला. तिच्यावर २०० मिलिलिटर पाणी ओता आणि लांब चमच्याने तळापासून हलवा, जोवर कोरडी गुठळी उरत नाही. कॉफी ताजी असेल तर ती फुगून वर येते, बुडबुडे सुटतात. भाजताना आत अडकलेला वायू बाहेर पडतोय एवढंच. पाच मिनिटांनी उरलेलं ५०० मिलिलिटर पाणी ओता, एकदाच हलवा, झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तासाभराने वर जाड साय आल्यासारखा थर दिसेल. चमच्याने तो हलकेच दाबून खाली घाला. यानंतर बरणीला हात लावायचा नाही. दर तासाला हलवत राहिलं की बारीक कण सुटत जातात आणि गाळताना ते आपल्यालाच भोवतात.

काहीजण भरड मलमलीच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडतात. गाळायचा त्रास वाचतो हे खरं. पण पुरचुंडी घट्ट बांधली तर मधली कॉफी अर्धीकच्ची राहते. तसं करायचंच तर सैल बांधा आणि दोन-तीन तास जास्त द्या.

आता बाहेर की फ्रिजमध्ये? इंटरनेटवरच्या बहुतेक कृती 'ओट्यावर बारा तास ठेवा' म्हणतात. त्या लिहिणाऱ्यांचा ओटा वीस-बावीस अंशांचा असतो. डिसेंबरात आमचाही असतो, तेव्हा मीही रात्रभर बाहेर ठेवते आणि बारा तासांत गाळते. मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर रात्री अकराला पस्तीस अंशांवर असतं. त्या उकाड्यात दूध काही तासांत फिरतं, मग कॉफी का सुटेल? कॉफीचा पीएच पाचाच्या आसपास असतो. लोणच्यासारखी ती आपल्या आंबटपणावर टिकत नाही, जंतू वाढायला तिच्यात वाव असतो. उन्हाळ्यात फ्रिजच, आणि दोन्ही ऋतूंत गाळल्यावर फ्रिजच.

फ्रिजमध्ये सोळा तासांनी एक चमचा काढून चाखा. पाणचट आणि जिभेच्या कडांना आंबट लागली तर आणखी ठेवा. अठरा-वीस तासांत ती गोलाईला येते. चोवीस तासांपुढे लाकूड चघळल्यासारखी चव यायला लागते. एकदा लग्नाला गेलो आणि बरणी छत्तीस तास राहिली, तेव्हा पेन्सिल चावल्याचा आनंद मिळाला.

गाळणं

घाई करायची नाही. तीन पायऱ्या आहेत.

पहिली, चहाची स्टीलची गाळणी. मोठ्या पातेल्यावर धरून बरणी हळूहळू ओता. बरणीच्या तळाशी असलेला जाड गाळ शेवटपर्यंत ओतू नका, शेवटचे दोन-तीन घोट बरणीतच राहू द्या.

दुसरी, फडकं. श्रीखंडासाठी चक्का बांधतो तेच मलमलीचं किंवा जुन्या पंचाचं मऊ फडकं, दुहेरी घडी करून. नवं कापड असेल तर त्याला खळ असते, ती दोनदा गरम पाण्यात उकळून काढा. साबण लावू नका, साबणाचा वास कॉफी लगेच उचलते. हळदीचं फडकंही नको. कॉफीसाठी एक वेगळंच ठेवा. वापरून झालं की नुसत्या पाण्यात खळबळून पिळा आणि उन्हात खडखडीत वाळवा. कॉफीचं तेल ओल्या कापडात राहिलं की खवट होतं.

इथे चक्क्याची सवय आड येते. फडक्याची पुरचुंडी बांधून ती नळाला टांगावी आणि शेवटी मुठीत धरून करकचून पिळावी असा हात शिवशिवतो. टांगा, अर्धा तास निथळू द्या, पण पिळू नका. पिळल्यावर जे पन्नास-साठ मिलिलिटर निघतात त्यात सगळी माती आणि कडवटपणा असतो, आणि ते उरलेल्या अर्ध्या लिटरला बिघडवतात. काटकसरीच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सोसवत नाही, मला अजूनही नाही.

तिसरी पायरी ऐच्छिक. कागदी फिल्टर असेल तर त्यातून पुन्हा गाळा. कॉफी काचेसारखी नितळ होते, पण तेल कागदावर राहतं आणि चव थोडी हलकी होते. कागद मध्येच तुंबतो, तेव्हा थोडं थोडं ओता आणि तुंबला की बदला. मी कागद वापरत नाही. गाळलेली कॉफी दोन-तीन तास फ्रिजमध्ये न हलवता ठेवते. तळाशी साका बसतो, वरची निवळलेली कॉफी हलक्या हाताने बाटलीत ओतून घेते. साध्या पाण्याची तुरटीशिवाय निवळणी करावी, तसंच.

फ्रेंच प्रेसचं भांडं असेल तर त्यातही कोल्ड ब्रू होते. दांडा अगदी सावकाश खाली दाबा, त्यानंतर एकदा फडक्यातून काढा.

ठेवायची किती दिवस

स्वच्छ बाटलीत, घट्ट झाकणाने, फ्रिजच्या आतल्या फळीवर अर्क आठवडाभर चांगला राहतो. दारात ठेवू नका, दार उघडझाप होऊन तिथला गारवा टिकत नाही. पाणी घालून पातळ केलेली कॉफी दोन-तीन दिवसांत संपवा, दूध घातलेली त्याच दिवशी. बाटलीवर तारीख लिहून चिकटवा. आंबूस वास, बारीक फेस, तार धरलेली दिसली की मोरीत.

उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट जातेच. न उघडलेला फ्रिज चारएक तास गारवा धरतो, तेवढ्याने कॉफीला काही होत नाही. त्याहून जास्त वेळ गेली आणि बाटली हाताला कोमट लागली, तर मी जीव घट्ट करून ती टाकून देते.

उरलेला अर्क बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येतो. हे खडे दुधात टाकले की वितळताना दूध पाणचट होण्याऐवजी घट्ट होत जातं.

प्यायची कशी

ग्लासात बर्फ, ८० मिलिलिटर अर्क, वर तेवढंच किंवा दीडपट गार पाणी. हे मूळ रूप. आधी असंच एकदा प्या, साखरेशिवाय. या कॉफीत नैसर्गिक गोडवा असतो आणि तो कळायला दोन-तीन घोट जातात.

गोड हवीच असेल तर साखर वरून टाकू नका. गार पाण्यात ती तळाशी जाऊन बसते. साखर आणि पाणी सारखं घेऊन पाक करा, तार येऊ देऊ नका, नुसती विरघळली की उतरवा. त्याहून मला काकवी आवडते. कोल्हापूरकडची पातळ काकवी एक चहाचा चमचा घातली की कॉफीला जळका, खोल गोडवा येतो जो साखरेला साधत नाही.

दुधाची करायची तर म्हशीचं घट्ट दूध, गार. ८० मिलिलिटर अर्काला १२० मिलिलिटर दूध. आणि आता आपलं जायफळ. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर घातलेली, वर जायफळ किसलेली. पाहुण्यांसाठी आणि परीक्षेच्या रात्रींसाठी. तोच वास कोल्ड ब्रूत आणायला मी आधी ग्लासावर जायफळ किसलं, तर तो कोंडा वर तरंगत राहिला आणि मिशीला लागला. जायफळाचा वास तेलात असतो, गार दुधात तो सुटत नाही. म्हणून दूध तापवतानाच त्यात चिमूटभर जायफळ आणि एक ठेचलेली वेलची घाला, झाकून गार करा, गाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. मग हे दूध अर्कावर ओता. 'तुझा तो काढा' म्हणणाऱ्यांनी हा ग्लास दुसऱ्यांदा मागितला.

शहाळ्याचं पाणी आणि कोल्ड ब्रू ही जोडी ऐकायला विचित्र वाटते, पण करून बघा. दीडशे मिलिलिटर शहाळ्याचं पाणी, वर हळूच ५०-६० मिलिलिटर अर्क. दूध, साखर काही नको. कोकणात शहाळं हाताशी असणाऱ्यांनी तर नक्की. आमसुलाचं सरबत आणि कॉफी असंही मी करून पाहिलं. दोघांचा आंबटपणा एकमेकांशी भांडतो, मला पटलं नाही.

कॅफीनचा हिशेब

गार आहे, कडू नाही, म्हणून ती घटाघटा जाते, आणि धोका तोच. ढोबळ हिशेब असा. अरेबिकात वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफीन असतं. म्हणजे १०० ग्रॅम भरडीत १२०० मिलिग्रॅम. ते सगळंच्या सगळं ७०० मिलिलिटर पाण्यात उतरलं असं धरलं तर ८० मिलिलिटर अर्कात १३५ मिलिग्रॅमच्या आसपास येतं. प्रत्यक्षात थोडं कमीच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे, आणि त्यात चहाही धरायचा. म्हणजे सकाळचे दोन चहा करून दुपारी या अर्काचा एक ग्लास, फार तर सव्वा. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असंही त्याच सूचना सांगतात, लोहाच्या शोषणात ती आडवी येते. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. संध्याकाळी सहानंतर ज्याने प्यायली त्याने रात्री दोनला छताचा पंखा मोजत बसायची तयारी ठेवावी.

बिघडली तर

गढूळ आणि पिठूळ झाली तर दळण बारीक आहे, पुढच्या वेळी चाळा. आताची बरणी रात्रभर न हलवता ठेवून निवळून घ्या. पाणचट झाली तर वेळ वाढवण्याआधी माप तपासा. भरड कमी पडली असेल तर तीस तास ठेवूनही काही हाती लागत नाही. कडू झाली तर वेळ कमी करा, आणि पाकिटावरचा चिकोरीचा आकडा पुन्हा वाचा. आंबट झाली तर भाजणी हलकी आहे किंवा लवकर गाळली. नुसती सपाट, बेचव लागली तर बहुतेक कॉफी जुनी आहे नाहीतर पाणी फार साफ. अशा सपाट अर्कात चिमटीतल्या चिमटीत मीठ टाकून बघा. दोन-तीन कणच, चव जागी होते.

चोथ्याचं काय

बेसिनमध्ये अजिबात टाकू नका. शंभर ग्रॅम कॉफीचा ओला चोथा पाइपात जाऊन बसला की प्लंबर येतो आणि कॉफीचे वाचवलेले पैसे घेऊन जातो. ताटात पसरून उन्हात वाळवा. वाळलेला चोथा उघड्या वाटीत फ्रिजमध्ये ठेवला की कांद्या-फणसाचे वास ओढून घेतो. बाकीचा कंपोस्टच्या टोपलीत सुक्या पानांबरोबर घाला. कुंडीत थेट घालायचा तर चमचाभरच, मातीत मिसळून. वर जाड थर दिला की तो आवळतो आणि पाणी खाली जाऊ देत नाही. आमच्या कढीपत्त्याची कुंडी मी अशीच जवळपास घालवली होती. थर खरवडून काढला तेव्हा कुठे पंधरा दिवसांनी नवी पालवी दिसली.